बेर्ताची मेणबत्ती

कोणताही उद्योग जगवायचा असेल तर आधी त्याविषयीची चर्चा जगवावी लागते. उद्योगाचं काय, आज आहे, उद्या नाही. चर्चा मात्र एकदा रुजली की तिला वीज लागत नाही, कच्चा माल लागत नाही आणि तिच्यातून धूरही निघत नाही. तांबं, जस्त, शिसं वगैरे साध्या धातूंचा युरोपातला उद्योग शाश्वत आणि स्पर्धाक्षम करण्याचं जे थोर कार्य ब्रुसेल्समध्ये चालू आहे, त्याचा पाया हाच आहे. या कार्यात आमच्या झ्वार्तबेक गावाने जो वाटा उचलला तो बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि गावात तो कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही. मी या गावचा जावई आणि नगरपालिकेचा सचिव असल्यामुळे दोन्ही नात्यांनी तो सांगण्याचं काम माझ्याकडे येतं.

आमच्या गावात पितळेची भट्टी आहे. (‘होती’ म्हणायला आता कायद्याने बंदी आहे. कारण पुढे येईल.) भट्टीचं नाव बेर्ता. हे कारखान्याच्या पहिल्या मालकाच्या सासूचं नाव. का ठेवलं, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. तांबं आणि जस्त बेर्ताच्या पोटात जायचं आणि पितळ होऊन बाहेर यायचं. त्याचे नळ व्हायचे, दारांच्या मुठी व्हायच्या, आणि गावच्या बँडची सगळी वाद्यंही त्याच पितळेची आहेत. मग गॅस महागला, वीज महागली, आणि पितळ ओतण्याचा खर्च ते विकून येणाऱ्या पैशांच्या वर गेला. मालकांनी ओतकाम थांबवलं.

पण भट्टी म्हणजे काही पंखा नव्हे, बटण दाबलं की बंद. ती पार थंड पडली तर आतल्या विटांचं अस्तर आकसतं, तडकतं, आणि भट्टीच्या जागी विटांचा ढीग उरतो. म्हणून ओतकाम थांबलं तरी बेर्ताच्या पोटात गॅसची एक ज्योत तेवत ठेवलेली होती. ती सांभाळायला लुटगार्ड होती. लुटगार्ड कारखान्याची मुख्य ओतारी. एके काळी तिच्या एका हाकेवर चाळीस माणसं हलायची. आता हाताखाली कोणी नव्हतं, त्यामुळे ती बेर्तालाच हाका मारायची. रोज सकाळी येऊन भोकातून आत डोकवायची आणि म्हणायची, “काय गं म्हातारे, जिवंत आहेस ना?” बेर्ता भुर्रर्र करायची. एवढ्यावर दोघींचा दिवस निघायचा.

मालकांनी शेवटी कळवलं की एक डिसेंबरपर्यंत गॅसचं बिल भरू, तोवर भट्टी परत सुरू करायला निधी मिळाला तर ठीक, नाहीतर ज्योत बंद. तारीख त्यांनी विचार करून निवडली असेल असं वाटत नाही. पण एक डिसेंबर हा संत एलोयचा दिवस. संत एलोय म्हणजे लोहार-ओतारांचे पाठीराखे. त्या दिवशी आमचा बँड वाजतगाजत बेर्तासमोर येतो, लुटगार्ड पहिली पळी ओतते, तिची छोटी छोटी बटणं करून गावात वाटतात, आणि मग मालकाच्या खर्चाने रस्साभात नव्हे, रस्सा-बटाटे आणि बिअर. (भात म्हणून गेलो ती जुनी मराठी सवय.) त्याच दिवशी बेर्ता विझवायची म्हणजे वाढदिवसाला तिरडी आणण्यातला प्रकार.

निधी कुठून मिळणार? तर ब्रुसेल्सच्या ‘शाश्वत व स्पर्धाक्षम साधे धातू कार्यदला’कडून.

या कार्यदलाविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. त्याचे दोन विभाग. ‘शाश्वत’ विभाग चौथ्या मजल्यावर बसतो आणि त्याला धूर नको आहे. ‘स्पर्धाक्षम’ विभाग सहाव्या मजल्यावर बसतो आणि त्याला धातू हवा आहे. दोघांचा समन्वय पाचव्या मजल्यावर व्हायचा आहे, पण तो मजला दुरुस्तीला काढलेला आहे. (तांब्याचे पाइप वेळेत आले नाहीत.) कार्यदलाने केलेल्या पाहणीनुसार युरोपातल्या त्र्याऐंशी टक्के लोकांना धातू हवा आहे, एक्याण्णव टक्के लोकांना भट्टी नको आहे, आणि निदान चौऱ्याहत्तर टक्के लोक दोन्ही यादीत आहेत. उरलेल्यांना प्रश्न नीट समजला नसावा, असा अहवालाचा निष्कर्ष आहे.

या पाहणीवरून ‘आदर्श भट्टी’ योजना निघाली. शंभर गुणांची परीक्षा. पन्नास शाश्वततेचे, पन्नास स्पर्धाक्षमतेचे. पहिली येणारी भट्टी पुन्हा उभी करायला लागेल तेवढा निधी. आम्ही अर्ज केला. ऑक्टोबरात कार्यदलाच्या प्रमुख तूलिक्की हार्यू तपासणीला आल्या. बाई मूळच्या फिनलंडच्या. बोलणं मोजकं, बूट मजबूत. त्यांनी धुराड्याला हात लावून बोट पाहिलं. बोट स्वच्छ. वर पाहिलं तर धुराड्याच्या कडेला डोमकावळ्यांचं घरटं. बाईंचा चेहरा उजळला.

“इतकी स्वच्छ भट्टी मी उभ्या युरोपात पाहिली नाही,” त्या म्हणाल्या.

“बाई, बंद आहे ती,” लुटगार्ड म्हणाली.

“म्हणूनच तर.”

“अहो, पण भट्टी पितळ ओतायला असते ना?”

“तो जुना दृष्टिकोन झाला,” हार्यूबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. “ओतकामाने भट्टीच्या शाश्वततेवर फार ताण येतो.”

शाश्वततेत आम्हाला अठ्ठेचाळीस पडले. मला धास्ती होती ती स्पर्धाक्षमतेची. तीन वर्षं एक चमचाभर पितळ न विकलेला कारखाना स्पर्धेत टिकणार कसा? पण ही माझी शंका अडाण्याची निघाली. युरोपातली चालू असलेली प्रत्येक भट्टी दर टनामागे तोट्यात आहे. आमचा दर टनामागचा तोटा शून्य, कारण टनच नाही. जगातली कोणतीही भट्टी या आकड्याशी स्पर्धा करू शकत नाही. पन्नासपैकी पन्नास.

म्हणजे एकूण अठ्ठ्याण्णव. मी हात चोळतच होतो तेवढ्यात बाईंनी सांगितलं की दुसऱ्या एका देशातल्या भट्टीला नव्याण्णव आहेत.

“कोणती हो ही भट्टी?” लुटगार्डने विचारलं.

“ती पाडून त्या जागी हिरवळ केलेली आहे. एक गुण कापावा लागला. गवत कापायचं यंत्र पेट्रोलवर चालतं.”

लुटगार्डने माझ्याकडे पाहिलं. मी डोमकावळ्यांकडे पाहिलं.

“आणि आमचे दोन कशाचे कापले?”

“आत एक ज्योत आहे,” बाई म्हणाल्या. “एवढा एकच डाग आहे. ती विझवलीत तर शंभर. निधी तुमचाच.”

“म्हणजे भट्टी पेटवायला पैसे हवेत, तर आधी ती विझवायची?”

“बरोबर.”

“आणि विझवली की ती फुटणार. मग पैसे आले तरी पेटवायचं काय, माझं डोकं?”

“डोक्याचं उत्सर्जन वेगळ्या विभागाकडे येतं,” हार्यूबाई म्हणाल्या. हा विनोद होता की माहिती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी बँडच्या खोलीत सभा बसली. लुटगार्ड कोपऱ्यात बसून होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती हातातली ओतायची पळी पुसत होती, स्वच्छ असलेली. एवढी दांडगी बाई, पण तिच्याकडे बघून मला गलबलून आलं. मग मी सचिव या नात्याने परिस्थितीचा सर्वांगीण आढावा घेतला, त्यामुळे गलबलणं थांबलं आणि दोन-तीन सभासदांना डुलकी लागली.

तेव्हा नोंकेल फिर्मिन बोलले. नोंकेल म्हणजे काका, मामा, जे म्हणाल ते. हे माझ्या बायकोचे मामा. बँडमध्ये सगळ्यात मोठं भोंग्याचं वाद्य वाजवतात आणि बोलतातही त्याच पट्टीत.

“काय हो जावई, एक सांगा. माझ्या गुडघ्यासाठी मी वळणावरच्या देवळीत इतकी वर्षं मेणबत्ती लावतोय. तिचा धूर कधी कोणी मोजला का?”

“नोंकेल, मेणबत्तीची गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? ज्योत ती ज्योत. माझा गुडघा काय, तिची बेर्ता काय.”

“गुडघा बरा झाला का?” मागून कोणीतरी विचारलं.

“दुसरा बिघडला. तो मुद्दा नाही.”

मी नियमावली काढली. चारशे पानांत कुठेतरी माणुसकी असतेच, ती शोधावी लागते. परिशिष्टात स्पष्ट लिहिलं होतं: उपासनेसाठी, नवसासाठी अथवा कौटुंबिक आनंदासाठी लावलेली ज्योत मोजणीतून वगळण्यात येत आहे. ज्योत किती मोठी असावी, याविषयी परिशिष्ट गप्प होतं. मीही गप्प राहिलो.

आमच्या भागात दर वळणावर, दर झाडाखाली एक देवळी असते. विटांची, हातभर उंच, आत एक संत आणि एक मेणबत्ती. कोणी बांधली, कधी बांधली, कोणी विचारत नाही. एखादी वाढली तर लोक टोपी काढतात आणि पुढे जातात. त्यामुळे बँडच्या खोलीतली संत एलोयची मूर्ती (हातात हातोडा, नाक गेलेलं) बेर्ताच्या तोंडाशी नेऊन ठेवली तेव्हा गावात कोणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे फुलं होती. पाद्रीबुवा पाच गावांत मिळून एक, ते गुरुवारी येतात. त्यांना मंत्रपाणी शिंपडायला बोलावलं.

“मेणबत्ती कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“आत आहे, बुवा. वाका जरा.”

ते वाकले. भोकातून पाहिलं. बेर्ताने भुर्रर्र केलं. बुवांच्या भुवया किंचित जळाल्या.

“नवस मोठा दिसतोय,” ते म्हणाले आणि पाणी लांबूनच शिंपडलं.

मी कार्यदलाला सुधारित निवेदन पाठवलं: सदर ज्योत ही औद्योगिक नसून भाविकांची आहे. हार्यूबाई पुन्हा आल्या. मूर्ती पाहिली, फुलं पाहिली. नोंकेल फिर्मिन गुडघा पुढे करून कण्हत प्रार्थना करत होते, तेही पाहिलं. बाईंनी नियमावली दोनदा चाळली आणि वही मिटली.

“शंभर,” त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “माझ्या पाठीसाठी एक लावता येईल का?”

असा जल्लोष झ्वार्तबेकने त्यापूर्वी पाहिला नव्हता. एक डिसेंबरला निधी जाहीर व्हायचा होता. लुटगार्डने आठवडाभर आधीपासून भंगार गोळा केलं. जुने नळ, मुठी, कोणाच्या आजीची पितळेची इस्त्री. घोषणा झाली की गॅस मोठा करायचा, बेर्ता तापवायची आणि रिवाजाप्रमाणे पहिली पळी ओतायची, असं ठरलं. त्या सकाळी ती ओतकामाचा जुना कातडी अंगरखा नवा वाटावा इतका घासूनपुसून घालून आली होती. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बँड वाजला. नोंकेल फिर्मिन दोन्ही गुडघे विसरून चालले. हार्यूबाईंनी निकाल वाचला: झ्वार्तबेकची बेर्ता, युरोपातली आदर्श भट्टी. लुटगार्डच्या डोळ्यांत पाणी आलं, धूर नसताना.

तिने गॅसच्या चाकावर हात ठेवला.

“थांबा,” गर्दीतून एक माणूस म्हणाला. तो प्रांताच्या वारसा खात्याचा होता. उंच, सभ्य, गळ्याला मफलर. “या मेणबत्तीला हात लावता येणार नाही.”

“का?”

“ही किती दिवस तेवते आहे?”

“दिवस?” लुटगार्ड अभिमानाने म्हणाली. “माझ्या पणजोबांनी पेटवली. एकदाही विझलेली नाही. दोन महायुद्धं झाली, तरी नाही.”

“तेच,” तो माणूस म्हणाला. “म्हणजे देशातली सर्वांत जुनी अखंड नवसाची ज्योत आहे ही. खात्याने काल ही देवळी संरक्षित म्हणून जाहीर केली. अभिनंदन! ज्योत लहान करता येणार नाही, मोठी करता येणार नाही. आणि प्रार्थनास्थळात धातू वितळवणं तर, मला वाटतं, आपल्यापैकी कोणालाच आवडणार नाही.”

नोंकेल फिर्मिनच्या भोंग्यातून उरलेली हवा बाहेर पडली, तिचा तेवढा आवाज झाला.

लुटगार्ड माझ्याकडे वळली. “ही मेणबत्ती नाही म्हणून सांगा ना यांना. तुम्हीच लिहून दिलंत, तुम्हीच सांगा.”

मी सांगू शकत होतो. पण मेणबत्ती नसेल तर ती औद्योगिक ज्योत, औद्योगिक असेल तर अठ्ठ्याण्णव गुण, अठ्ठ्याण्णव असतील तर निधी हिरवळीला, आणि निधी हिरवळीला गेला तर आजच संध्याकाळी गॅस बंद. हे सगळं मी तिला नीट क्रमाने समजावून सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“म्हणजे ही जिवंत राहायची असेल तर हिने काही करायचं नाही,” ती म्हणाली.

“असंच काहीसं.”

“तुमच्या नोकरीसारखं,” असं म्हणून तिने पळी खाली ठेवली.

पुढचं सगळं मंगल आहे. निधी बेर्तावर खर्च करता येत नव्हता, देवळीवर येत होता. वाहनतळ झाला, कॉफीचं दुकान झालं. कामावरून गेलेली चाळीसच्या चाळीस माणसं परत घेतली. काही वाट दाखवतात, काही मेणबत्त्या विकतात, आणि गर्दी नसते त्या दिवसांत सहा जण भाविक म्हणून बसतात. (निवृत्तिवेतनासह.) देशभरातून लोक येतात. कोणी पाठीसाठी, कोणी लग्नासाठी, बहुतेक जण गॅसचं बिल कमी यावं म्हणून. कार्यदलाच्या ताज्या अहवालात आमच्या दरडोई उत्पादकतेचा आलेख पानाच्या बाहेर जातो. युरोपातल्या आणखी काही भट्ट्यांनी संत मागवले आहेत.

एकच अडचण आली. भाविकांना मेणबत्ती लावायला पितळेच्या छोट्या मेणबत्तीदाण्या हव्या होत्या. दर मोसमाला काही हजार. लुटगार्ड धावत माझ्याकडे आली. अंगावर तोच कातडी अंगरखा, खूप दिवसांनी.

“दाण्या मी ओतते! भट्टी आहे, भंगार आहे, माणसं आहेत. एक दिवस द्या मला. एक दिवस!”

मी रीतसर विचारणा केली. हार्यूबाईंचं उत्तर आलं, आणि मान्य करायला हवं, ते फार स्पष्ट होतं. दाणी आपण ओतली तर धूर आपला. ती समुद्रापलीकडून आली तर पितळ आपलं आणि धूर त्यांचा. तेव्हा दाण्या जहाजातून येतात. ज्या भट्टीतून येतात तिचं नाव त्यांच्यावर नसतं. तिथे कोण ओततं, त्याच्या भुवया शाबूत आहेत का, हे आमच्या परिशिष्टात कुठेही विचारलेलं नाही. लुटगार्डची पळी आता दारात टांगली आहे आणि लोक तिच्यात सुटी नाणी टाकतात. लुटगार्ड त्यांना पावती देते. रोज सकाळी सर्वांच्या आधी येऊन ती भोकातून आत डोकावते. हल्ली ती काही विचारत नाही. भुर्रर्र ऐकते आणि दिवे लावायला जाते.

मराठी वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिण्याचं कारण म्हणजे कार्यदलाने योजना आता युरोपाबाहेरही खुली केली आहे आणि ओळखीपाळखीत सुयोग्य उमेदवार सुचवा, असं मला कळवलं आहे. तुम्ही हसत असाल तर जरा थांबा आणि देवापुढची समई उलटी करून बघा. कोणी ओतली, कुठे ओतली, काही दिसतंय? नसेल दिसत तर काळजी नको. घरात भट्टी नाही, धूर नाही, दर टनामागे तोटा नाही, ज्योत नवसाची आणि पितळ चिंचेने घासून लख्ख.

मी तुमचं नाव पुढे पाठवलं आहे. शंभरपैकी शंभर पडतील, माझा शब्द.